ब्रुनोने भरीत खाल्लं: पुढचे काही दिवस काय बघायचं आणि घर-मळ्यात काय सांभाळायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रविवारी मळ्यात भरीत पार्टी, सगळे पंगतीत बसलेले, आणि तेवढ्यात तुमच्या आठ महिन्यांच्या कुत्र्याने, ब्रुनोने, पातेल्यात तोंड घालून ताट-दोन ताटं भरीत संपवलं. वजन 22 किलो. आज मंगळवार, तो मजेत आहे. सासरे म्हणतात, ‘गावातले कुत्रे सगळं खातात, काही व्हत नही त्याले.’ तुम्हाला मात्र झोप नाही, आणि घरात, अंगणात आणखी काय काय सांभाळायचं तेही विचारलंय. मी डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यात शेती आहे आणि बावीस वर्षं घरात कुत्री आहेत, त्यावरून सांगतो.

आधी ब्रुनोचं. आपलं हिरवं-पांढरं वांगं पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजलेलं असलं की त्याला त्यातून फार धोका नाही. धोका आहे तो कांद्याच्या पातीचा आणि लसणाचा, आणि जळगावचं भरीत म्हटलं की दोन्ही हात सैल सोडून घातलेले असतात. कांदा-लसणातल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात आणि मग फुटू लागतात. हे एका रात्रीत होत नाही. म्हणून खाल्ल्यावर दोन दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मलूल पडतो. तुमचा मंगळवार त्या मधल्या काळात येतो. त्याचं आज खेळणं चांगलंच आहे, पण त्यावरून निकाल लागत नाही.

घाबरवत नाही, हिशोबही सांगतो. रक्तावर परिणाम दिसायला कुत्र्याला साधारण किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा लागतो. 22 किलोच्या ब्रुनोला म्हणजे किमान 330 ग्रॅम. दोन ताटं भरितात तेवढी पात सहसा नसते. पण लसूण कांद्याच्या कितीतरी पट तीव्र, आणि तो किती पडला होता ते आता कुणीच नक्की सांगू शकणार नाही. माझ्या अंदाजाने ब्रुनो सुटेल. तरी शनिवारपर्यंत रोज सकाळी उजेडात त्याचा वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. फिकट, पांढरट किंवा पिवळसर वाटल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, दोन पावलांत धाप लागली, तर त्याच तासाला डॉक्टर. भरितात तेल आणि मिरचीही असते, त्यामुळे उलट्या किंवा पोट आखडून बसणं दिसलं तरी दाखवा.

सासऱ्यांच्या बोलण्याला माझं उत्तर एवढंच, की गावातली जी कुत्री आपल्याला दिसतात ती वाचलेली असतात. जी रात्री कुठल्या बांधाला जाऊन मेली त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. ‘म्हातारं झालं होतं’, ‘पान लागलं (साप चावला) असेल’ म्हणून विषय संपतो. वडीलधाऱ्यांना हे शांतपणे सांगा, पटतं त्यांना.

भरीत वर्षातून चार वेळा होतं. पण मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी आपल्याकडे कुत्र्याला आठवड्याला घातली जाते, आणि ती प्रेमाने घातली जाते. त्या रश्श्यात भाजलेल्या कांद्याचं आणि लसणाचं वाटण असतं. भाजून, तळून, उकळून तो दोष जात नाही. शेवभाजीच्या रश्श्याचंही तेच. थोडं थोडं रोज पोटात गेलं तरी रक्त उतरतं, आणि हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण कुत्रा एकदम आजारी पडतच नाही, हळूहळू सुस्तावतो. आमच्याकडे फोडणीच्या आधीच त्याचा वाटा काढून ठेवतात: भात, भाकरी, नुसतं उकडलेलं मटण, हाडाशिवाय. शिजलेलं हाड फुटताना टोकदार होतं, त्याने आतडं फाटतं.

चिंचेचं फार लोकांना माहीत नाही. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करतात, हे बरेच जण ऐकून असतात. का करतात ते मात्र खूप वर्षं कळत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि ते आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही मूत्रपिंडं बिघडल्याचं दिसलं आहे. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ओसरीवर चिंच फोडायला बसतात आणि पिल्लू तिथेच लोळत असतं. ब्रुनोचं वय सगळं तोंडात घालायचं आहे, तेव्हा त्या दिवसांत त्याला आत बांधा. शिऱ्यातल्या आणि खिरीतल्या मनुकाही नकोत. इथे ‘एवढ्याने काही होत नाही’ असं प्रमाण सांगता येत नाही. एखाद्याला मूठभराने काही होत नाही, दुसऱ्याचा थोड्याशानेही जीव जातो.

चॉकलेट सगळ्यांना माहीत असतं म्हणून थोडक्यात: जितकं कडू तितकं वाईट. दुधाच्या चॉकलेटचा छोटा तुकडा 22 किलोच्या कुत्र्याला पचून जाईल, पण केकसाठी आणलेली कोको पावडर 20-25 ग्रॅम जरी गेली तरी त्रास सुरू होऊ शकतो. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या च्युइंगमवर आणि टूथपेस्टवर झायलिटॉल हा शब्द शोधा. त्याने तासाभरात साखर एकदम खाली येते, जास्त गेलं तर यकृत बिघडतं. आजोबांच्या चहातल्या गोड गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा दुसरंच काही असतं, तरी डबी वाचून बघा.

माणसांची औषधं त्याच्या तोंडापासून लांब ठेवा आणि स्वतःही देऊ नका. गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देणारी खूप मंडळी भेटतात. देऊ नका.

आता उंदराचं औषध. हे लिहायला मला जड जातं. सात वर्षांपूर्वी शेडमध्ये शेंगांच्या पोत्यांना उंदीर लागले म्हणून मी स्वतः ब्रोमॅडिओलोनचे केक आणून कोपऱ्यात ठेवले. रविवारी सकाळी काळूच्या पुढ्यात एका केकचा फाटलेला कागद दिसला. काळू शेपटी हलवत होता. दूध प्यायला, दुपारी ट्रॅक्टरमागे मळ्यापर्यंत पळत आला. मी दिवसभर नजर ठेवली, सोमवारी ठेवली, मंगळवारी म्हटलं, गेलं संकट. बुधवारी संध्याकाळी तो उठेना. गुरुवारी पहाटे हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या आणि श्वास घशात. गाडीत, माझ्या मांडीवर गेला. डॉक्टरांनी नंतर समजावलं: हे औषध रक्त गोठायची ताकद काढून घेतं, शरीरातला साठा संपेपर्यंत तीन ते पाच दिवस बाहेर काही दिसत नाही, मग आत रक्तस्राव सुरू होतो. रविवारीच नेला असता तर उलटी करवून, व्हिटॅमिन के-वन तीन-चार आठवडे देऊन तो जगला असता. गोळ्या साध्या, मिळणाऱ्या. मी तीन दिवस लक्षणांची वाट बघत बसलो. तुम्ही बसू नका, हे सांगण्यासाठीच एवढं लिहिलं.

दुसरं उंदराचं औषध म्हणजे ती काळपट पावडर, झिंक फॉस्फाइड, भाकरीत किंवा भज्यात मिसळून ठेवतात ती. हिची गोष्ट उलटी. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की विषारी वायू तयार होतो, आणि काही मिनिटांत किंवा तासांत कुत्रा कोसळतो. अशा वेळी दूध-भाकरी भरवली तर पोटात आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. उलटी झाली तर ती उघड्यावर होऊ द्या, गाडीच्या काचा खाली ठेवा, तो वायू माणसालाही लागतो. वर्षाचा गहू भरताना कोठीत काही लोक ज्या गोळ्या ठेवतात त्यांतूनही तोच वायू निघतो. लहान मुलं आणि कुत्री असलेल्या घरात त्या नकोतच, असं माझं ठाम मत आहे.

मळ्यात ब्रुनोला मोकळं सोडता असं तुम्ही लिहिलंय. कपाशीच्या फवारणीचा पंप धुतलेलं पाणी डबक्यात साचतं आणि तहानलेलं कुत्रं तेच पितं. थायमेट, म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, 2020 च्या अखेरपासून विक्रीतून बंद झालं, पण जुनी पिशवी एखाद्या शेडच्या आढ्यावर अजून असू शकते, बघून घ्या. आणि मका असेल तर हे नक्की विचारा: लष्करी अळीसाठी भाताच्या कोंड्यात गूळ भिजवून, आंबवून, त्यात थायोडिकार्ब हे कीटकनाशक मिसळून मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, टाकतात. गुळाच्या वासाने कुत्रं सरळ तिकडे जातं. आमची सोनी शेजारच्या वावरातून तेच खाऊन आली होती. तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग थरथरतंय. अर्ध्या तासात गुरांच्या डॉक्टरांनी ॲट्रोपीन, या विषावरचा उतारा, सुरू केलं आणि ती वाचली. गुरांनाही अशी विषबाधा होते, त्यामुळे हे इंजेक्शन त्यांच्या ओळखीचं असतं. शहरातला श्वानतज्ज्ञ गाठायला तास मोडण्यापेक्षा जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अंगावर औषध सांडलं असेल तर निघण्याआधी हातमोजे घालून साबणाने धुवा, म्हणजे ते चाटणार नाही.

अंगणातलं आता भरभर सांगतो, एक गोष्ट सोडून. कण्हेर, लाल असो की पिवळी बिट्टी, हृदयावर जाते, तिची छाटलेली फांदी कुत्र्याला चघळायला मिळू देऊ नका. सायकस शोभेला छान, पण त्याच्या बियांनी यकृत जातं. तो असेल तर काढून टाका. धोतऱ्याची बोंडं उपटा. मनीप्लांट आणि डिफेनबाखियाने तोंडाची आग होते, लाळ गळते, जीव सहसा जात नाही. पावसाळ्यात खडबडीत अंगाचा बेडूक तोंडात धरला तर फेस येतो. तोंड खाली धरून बाजूने पाण्याची धार सोडा, घशात पाणी जाऊ देऊ नका.

ती एक गोष्ट म्हणजे एरंडी पेंड. सेंद्रिय खत म्हणून हल्ली कुंड्यांना, केळीला घालतात. कुत्र्यांना तिचा वास इतका आवडतो की माती उकरून खातात. एरंडीच्या बीत रायसिन नावाचं विष असतं, आणि पेंड नीट तापवून निर्विष केलेली नसेल तर ते तिच्यात राहतं. रक्ताची हगवण-उलटी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. रिकामं पोतंसुद्धा अंगणात सोडू नका. शेणखत, गांडूळखत वापरा.

काही खाल्लं असं कळलं, तर मिठाचं पाणी, तूप, ताक, लिंबू काही पाजू नका. मिठाने वेगळीच विषबाधा होते, आणि तुपा-दुधाने काही विषं लवकर भिनतात. घशात बोटंही घालू नका. उलटी करवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. पहिल्या तास-दोन तासांत तिचा उपयोग होतो, पण रॉकेल, ॲसिड, फिनेल गेलं असेल किंवा कुत्रा गुंगीत असेल तर उलटीनेच जीव जाऊ शकतो. पाकीट, डबी, उरलेला तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या, पाकिटावरचं औषधाचं नाव डॉक्टरांना सगळ्यात आधी लागतं. खाल्ल्याची वेळ आणि वजन सांगा. दवाखाना लांब असेल तर 1962 वर पशुसंवर्धन विभागाचं फिरतं पथक मिळतं का ते विचारा.

ब्रुनोसाठी उद्या बुधवारी किंवा परवा रक्ताची साधी तपासणी करून घ्या, सीबीसी म्हणा. आजच केली तर आकडे चांगले येऊन उगाच निर्धास्त व्हाल. डॉक्टरांना ‘कांद्याची पात आणि लसूण, रविवारी दुपारी’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते पेशी सूक्ष्मदर्शकाखालीही बघतील. हिमोग्लोबिनचा आकडा आला की इथे टाका, आणि हिरड्यांचा फोटो फ्लॅश न लावता काढा, फ्लॅशमध्ये सगळंच पांढरं दिसतं.