घड्याळ लावून गेम करताना: वाचकांचे प्रश्न

दिलेल्या विषयावर, मोजक्या तासांत नवा गेम करून दाखवायचा, हा गेम जॅमचा साधा नियम. लुडुम डेअर हा त्यातला जुना जॅम २००२ पासून चालू आहे. त्यात एकट्याने उतरणाऱ्यांना ४८ तास आणि टीमला ७२ तास मिळतात. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून भरतो. अशा जॅममध्ये उतरलेल्या आणि उतरू पाहणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

४८ तासांच्या दोन जॅममध्ये भाग घेतला, दोन्ही वेळा गेम अर्धवट राहिला. प्रोग्रॅमिंग येतं, कल्पनाही बऱ्या होत्या. मग वेळ जातो कुठे?

कामाचा क्रम चुकला की वेळ जातो. बहुतेक जण आधी पात्राचं चालणं घासून-पुसून घेतात, मग शत्रू, मग लेव्हल. सुरुवातीचा स्क्रीन, हरल्यावर काय होतं, पुन्हा कसं खेळायचं, हे सगळं शेवटावर टाकतात आणि शेवटी वेळ उरत नाही. क्रम उलटा करा. पहिल्या सहा तासांत नुसत्या रंगीत चौकोनांचा का होईना, पण सुरू होणारा, जिंकता-हरता येणारा आणि पुन्हा सुरू करता येणारा गेम उभा राहिला पाहिजे. त्यानंतर कुठेही अडलात तरी जमा करण्याजोगा गेम हातात असतो.

४८ तासांचा हिशेबही एकदा कागदावर मांडा. दोन रात्रींची १४ तास झोप आणि जेवणखाण, आंघोळ वगैरेचे ६ तास वजा केले, तर कामाला २८ तास उरतात. त्यातले २ कल्पनेला, ४ चौकोनी गेमला, १० नियम आणि लेव्हलना, ५ चित्रं-आवाजांना, ४ चाचणी-दुरुस्तीला आणि ३ अपलोडला. अपलोडचे तीन तास ऐकायला फार वाटतात, पण त्यांना हात लावू नका. झोपेलाही लावू नका; रात्र जागून लिहिलेल्या कोडातले बग दुसऱ्या दिवसाची सकाळ खातात.

कल्पनेचा आवाका मोजायचा तर विचारा, खेळाडू नेमकं करतो काय? उत्तर एका क्रियापदात बसलं तर कल्पना जॅमच्या मापाची आहे. ‘सुपरहॉट’ची सुरुवात २०१३ मधल्या सात दिवसांच्या एका जॅममध्ये झाली. त्याचा गाभा एकच: तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकतो. ‘बाबा इज यू’ २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममधून आला. तिथे गेमचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपात समोर असतात आणि खेळाडू ते ढकलून बदलतो. दोन्हीकडे नियम एकच आहे आणि सगळी गंमत त्याच्या परिणामांतून येते. ‘गाव वसवायचं, व्यापार करायचा आणि रात्री हल्ला परतवायचा’ ही मात्र तीन गेमची कल्पना झाली.

ऑनलाइन मल्टिप्लेअर, सामानाची पेटी, फाटे फुटणारे संवाद आणि गेम सेव्ह करण्याची सोय या चार गोष्टींना सरळ नकार द्या. परीक्षण करणाऱ्यांपुढे गेमची रांग असते, ते प्रत्येकाला काही मिनिटंच देतात. पाच मिनिटांच्या गेमला सेव्ह लागत नाही.

उडीवर आधारलेला गेम आहे. खेळणारे म्हणतात, उडी ‘जड’ वाटते आणि बटण दाबूनही कधीकधी उडीच लागत नाही. गुरुत्वाचे आकडे किती वेळा बदलावेत?

अंदाजाने बदलूच नका, आकडे काढता येतात. उडी किती उंच हवी आणि टोकाला पोचायला किती वेळ लागावा, एवढं ठरवा. मग गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, आणि सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ. समजा, ६४ पिक्सेल उंची ०.४ सेकंदात गाठायची आहे. १२८ ला ०.१६ ने भागलं की गुरुत्व येतं ८००, आणि १२८ ला ०.४ ने भागलं की वेग येतो ३२०. बऱ्याच २डी इंजिनांत (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) य-अक्ष खाली वाढतो, तिथे हा वेग उणे ३२० द्यायचा.

जडपणा बहुधा खाली येतानाच्या तरंगण्यात असतो. पात्र खाली येऊ लागलं की गुरुत्व दीडपट करा. बटण लवकर सोडलं आणि पात्र अजून वर जात असेल, तर वरचा वेग निम्मा करा. म्हणजे टिचकीला छोटी उडी आणि दाबून धरल्यावर मोठी उडी मिळते.

‘बटण दाबूनही उडी लागत नाही’ ही तक्रार खरी असते, खेळणाऱ्याला दोष देऊ नका. तिची दोन कारणं असतात. एक, खेळणारा कडेवरून पाऊल सुटल्यावर क्षणभराने बटण दाबतो. त्याला जमीन सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारू द्या. यालाच डेव्हलपर कायोटी टाइम म्हणतात. दोन, जमिनीला टेकण्याआधीच तो बटण दाबतो. ते दाबणं ०.१ सेकंद लक्षात ठेवा आणि पाय टेकताच उडी द्या. प्रत्येकासाठी एक टायमर, मिळून दहा-बारा ओळींचा कोड. उडी लागताच दोन्ही टायमर शून्य करायला विसरू नका, नाहीतर हवेत दुसरी उडी फुकट मिळते.

आता हिटबॉक्स, म्हणजे टक्कर मोजण्यासाठी वस्तूभोवती धरलेली न दिसणारी चौकट. १६ पिक्सेलच्या काट्याचा हिटबॉक्स चित्राएवढा ठेवलात, तर खेळणारा ‘मी लागलोच नव्हतो’ म्हणणार, कारण काट्याच्या टोकाशेजारची जागा डोळ्यांना रिकामी दिसते. दोन्ही बाजूंनी तीन-तीन आणि वरून चार पिक्सेल कापा. नाणं उचलायचं असेल तर उलट करा: हिटबॉक्स चित्रापेक्षा मोठा ठेवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण नव्या लेव्हलपेक्षा त्याने गेम जास्त सुधारतो.

माझ्या कॉम्प्युटरवर गेम नीट चालतो, मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर सगळं पळत सुटतं. शिवाय गोळ्या भिंतीतून आरपार जातात.

तिचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं (फ्रेम) दाखवणारा, असावा. दर फ्रेमला ४ पिक्सेल असं लिहिलं असेल, तर ६० फ्रेमला सेकंदाला २४० पिक्सेल होतात आणि १४४ फ्रेमला ५७६. वेग सेकंदाच्या हिशेबात ठेवा आणि आधीच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणा. मात्र दोनदा गुणू नका. गोडो या इंजिनातलं ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे फंक्शन ते स्वतःच करतं. तिथे वेगाला पुन्हा डेल्टाने गुणलं की पात्र जागचं हलेनासं होतं. युनिटी या इंजिनात एक वेगळा खड्डा आहे: फिक्स्ड-अपडेट हे फंक्शन मुळात सेकंदाला ५० वेळा चालतं, त्यामुळे ‘आत्ताच बटण दाबलं का’ हे तिथे विचारलं तर काही दाबणी निसटतात. बटणाची नोंद दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेटमध्ये घ्या आणि हालचाल फिक्स्ड-अपडेटमध्ये करा.

गोळीचा वेग सेकंदाला १२०० पिक्सेल असेल, तर ६० फ्रेमला ती एका फ्रेममध्ये २० पिक्सेल सरकते. भिंत ८ पिक्सेलची असेल तर गोळी एका फ्रेमला अलीकडे आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे. भिंतीत ती बऱ्याचदा नसतेच. मागच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रे-कास्ट करा, म्हणजे सरळ रेषा टाकून मध्ये काही आडवं येतं का ते पाहा. तेवढा वेळ नसेल तर हिटबॉक्सपुरती भिंत जाड करा किंवा गोळी हळू करा. ब्राउझरचा टॅब बदलून परत आल्यावर डेल्टा एकदम मोठा येतो आणि पात्र जमिनीतून खाली पडतं; म्हणून डेल्टाला ०.०५ सेकंदाची वरची मर्यादा घाला.

‘पुन्हा खेळा’ दाबलं की गेम गोठतो किंवा जुना स्कोअर दिसतो.

पॉझ करताना वेळेचा वेग शून्य केला होता, तो परत एक केला नाही. सीन (गेमचा एक स्क्रीन किंवा भाग) नव्याने लोड झाला तरी हा आकडा आपोआप बदलत नाही. स्कोअर ग्लोबल किंवा स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये असेल तर त्याचंही तेच. ‘नवा गेम’ नावाचं एकच फंक्शन लिहा, त्यात सगळे आकडे मूळ जागी आणा आणि पहिला खेळसुद्धा तिथूनच सुरू करा.

ब्राउझरसाठी अपलोड केलेला गेम काळा स्क्रीन दाखवतो. एकदा चालला तर आवाज नव्हता आणि काही चित्रं गायब होती.

हे शेवटच्या तासाला कळतं म्हणून भीषण वाटतं. चौकोनी गेम तयार झाला की त्याच संध्याकाळी, खाजगी पानावर, तो अपलोड करून पाहा.

काळ्या स्क्रीनमागे बहुतेकदा झिप असते. इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल झिप उघडताच समोर दिसली पाहिजे. फोल्डरची झिप केली की ती एक पायरी आत जाते. म्हणून फोल्डर नाही, त्यातल्या फाइली निवडून झिप करा. गोडो ४ मध्ये थ्रेड (एकाच वेळी अनेक कामं चालवण्याची सोय) चालू ठेवून एक्सपोर्ट केलं तर सर्व्हरकडून खास हेडर, म्हणजे फाइलींसोबतच्या सूचना, लागतात, ४.३ पासून थ्रेडशिवाय एक्सपोर्ट करता येतं, तेच निवडा. युनिटीत कॉम्प्रेस केलेल्या बिल्डला (तयार गेमच्या फाइलींना) सर्व्हरची साथ नसेल, तर पब्लिशिंग सेटिंग्जमधलं ‘डीकॉम्प्रेशन फॉलबॅक’ चालू करा. आणि घरच्या घरी इंडेक्स फाइलवर डबल-क्लिक करून गेम उघडला नाही, तर घाबरू नका. तो लोकल, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर चालवलेल्या, सर्व्हरवरूनच चालवावा लागतो.

आवाजाचं कारण वेगळं. वापरणाऱ्याने क्लिक किंवा की दाबेपर्यंत ब्राउझर आवाज अडवून धरतात. सुरुवातीला ‘सुरू करा’ बटण ठेवा आणि संगीत त्यानंतर लावा. गायब चित्रांमागे फाइलचं नाव असतं: कोडमध्ये पहिलं अक्षर स्मॉल, फाइलवर कॅपिटल. विंडोजला हा फरक दिसत नाही, वेबवर दिसतो. सगळी नावं स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवलीत की प्रश्नच मिटतो.

कीबोर्डकडेही पाहा. बाणांच्या की आणि स्पेसबारने वेब पान सरकतं, ते अडवा. एस्केप दाबल्यावर फुलस्क्रीन सुटतो, म्हणून पॉझला पी द्या. फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यू-ए-एस-डी एका जागी नसतात, जर्मनवर वाय आणि झेडची अदलाबदल असते. तेव्हा बाणांच्या की नेहमी चालू ठेवा.

आमच्यापैकी कुणालाच चित्र काढता येत नाही. आवाजांचं काय करावं?

स्क्रीन ३२० × १८० पिक्सेलचा ठेवा. चौपट केला की १२८० × ७२०, सहापट केला की १९२० × १०८०, दोन्हीकडे पिक्सेल एकसारखे राहतात. इंजिनातलं फिल्टर ‘निअरेस्ट’ करा, नाहीतर सगळं धूसर होतं. १६ पिक्सेलच्या टाइलचे (लेव्हल रचायच्या चौकोनी तुकड्यांचे) २० स्तंभ बरोबर बसतात, पण उभ्या दिशेला सव्वाअकरा ओळी होतात. खेळाला १० ओळी द्या आणि उरलेली २० पिक्सेलची पट्टी स्कोअरला. रंग पाच पुरेत. धोका नुसत्या लाल आणि मदत नुसत्या हिरव्या रंगाने दाखवू नका. काहींना त्यातला फरक दिसत नाही. धोका टोकदार आणि मदत गोल ठेवा.

आवाजासाठी ‘एसएफएक्सआर’ वापरा. हे छोटं साधन २००७ मध्ये लुडुम डेअरसाठीच लिहिलं गेलं होतं आणि आजही याहून झटपट काही नाही. उडी, मार, नाणं, हार, जीत एवढे पाच आवाज अर्ध्या तासात होतात. तोच आवाज सतत वाजणार असेल तर दर वेळी त्याच्या स्वराची पट्टी पाच-दहा टक्के वर-खाली करा, कान विटत नाहीत. संगीत वेव्ह फाइलमध्ये ठेवलं तर मिनिटाला सुमारे १० एमबी होतं, १२८ केबीपीएसच्या ऑग फाइलमध्ये १ एमबीच्या आत. सलग फिरणाऱ्या तुकड्याला एमपीथ्री टाळा, जोडावर बारीक खंड पडतो.

दुसऱ्याची चित्रं घेत असाल तर सीसी-झिरो परवाना पाहा, त्यात श्रेय न देताही ती वापरता येतात. सीसी-बाय असेल तर श्रेय देणं बंधनकारक आहे. लुडुम डेअरच्या एकट्याच्या विभागात मात्र चित्रं आणि आवाजही त्याच मुदतीत स्वतःच केलेले लागतात.

गेममधला मजकूर मराठीत ठेवला तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी येते.

फाँट बदलून उपयोग नाही. अक्षरं जुळवण्याचं काम इंजिनाला जमलं पाहिजे. गोडो ४ ला ते जमतं, गोडो ३ ला जमत नाही, युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोलाही नाही. मजकूर थोडा असेल तर तो चित्र म्हणूनच टाका.

चौघांची टीम आहे. एकाचं काम दुसऱ्याच्या फाइलवर चढतं.

गिट (फाइलींमधले बदल नोंदवून एकत्र जोडणारं साधन) वापरा, पण सीन फाइली गिटला धड जोडता येत नाहीत हे धरून चाला. खेळाडू, शत्रू, मेनू आणि प्रत्येक लेव्हल यांची स्वतंत्र सीन फाइल करा, आणि एका फाइलला एकच माणूस हात लावेल असं ठरवा. सगळं जोडणारा मुख्य सीन एकाच्याच ताब्यात. दर दोन तासांनी एकत्र करून सगळ्यांनी तो चालवून पाहायचा.

मुदत संपायला दोन-तीन तास आहेत आणि ज्यांनी खेळून पाहिला ते म्हणतात फार अवघड आहे. आम्हाला तर सोपा वाटतो!

तुम्हाला सोपा वाटणारच, तुम्ही शेकडो वेळा खेळला आहात. त्यांचं ऐका. तुम्हाला अगदी मिळमिळीत वाटेल इतका तो सोपा करा.

कधीच न खेळलेल्या एकाला समोर बसवा आणि तोंड बंद ठेवा. सूचना दिलीत की चाचणी वाया गेली. तो पहिल्यांदा कुठे थांबतो आणि एकाच जागी कितीदा मरतो, एवढंच लिहा. पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करायचं हे कळलं नाही, तर की दाखवणारं चित्र पहिल्या लेव्हलच्या भिंतीवरच लावा. गेमच्या पानावरच्या सूचना फारसं कुणी वाचत नाही. जिथे तीनदा मरतो, त्याच्या अलीकडे चेकपॉइंट ठेवा. मेल्यावर परत खेळात यायला एका सेकंदापेक्षा जास्त लागत असेल, तर तो वेळ आधी कमी करा. ‘अवघड’ ही तक्रार पुष्कळदा या थांबण्याची असते. सगळ्यात अवघड लेव्हल काढून टाका, किंवा शेवटी न्या.

शेवटच्या तासात फक्त आकडे बदला: वेग, अंतर, जीव. कोडाला हात लावायचा नाही. दर बदलानंतर नवं बिल्ड नव्या नावाने ठेवा, आधीचं पुसू नका. अपलोड झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर, लॉग-इन न करता, गेम पहिल्या स्क्रीनपासून शेवटपर्यंत एकदा खेळा. काही बिघडलं असेल तर दुरुस्त करत बसू नका, आधीचं बिल्ड परत चढवा.