फिजिओथेरपी शिकणाऱ्यांना साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान अशा मानव्यविद्या कशाला? त्यानं रुग्णाचा गुडघा जास्त वाकतो का?

नाही वाकत. पण वाकू शकणारा सांधा माणूस वाकवत का नाही, हे गोनिओमीटरवर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीवर, दिसत नाही, आणि आपल्या कामाचे निम्मे तास तिथेच जातात.

एकच वाक्य घेऊ: ‘गादी सरकलीय, जपा.’

कंबरदुखीच्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या गादीला (डिस्कला), फुगवटा आहे. रिपोर्ट परत देताना कुणीतरी हे वाक्य बोलतं. गादी सरकत नसते. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. ती फुगते, फार तर तिचं कडं फाटून आतला गर बाहेर येतो. पण ‘सरकलेली’ वस्तू आणखी सरकू शकते, हे मराठी कळणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मग तो माणूस कंबर आवळून जगायला लागतो. खुर्चीतून उठताना श्वास रोखतो, मांड्यांवर हात टेकतो, बुटाची नाडी दुसऱ्याकडून बांधून घेतो. दीड-दोन महिन्यांत पाठीचे स्नायू सतत ताठ राहून वेगळेच दुखू लागतात. दिलेले व्यायाम तो करत नाही, कारण त्यात वाकायचं असतं. आणि केस पेपरवर शेरा पडतो: नॉन-कम्प्लायंट, म्हणजे सांगितलेलं न पाळणारा. अहो, तो सगळं ऐकतोय, फक्त तुमच्या आधी बोलणाऱ्याचं!

हे उलटवायचं तर आधी विचारा, ‘आत काय झालंय असं तुम्हाला वाटतं?’ कागद देऊन चित्र काढायला सांगा. बहुतेक जण विटांची चळत आणि त्यातून बाहेर आलेली एक वीट काढतात. मग गप्प बसा. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी मोजलं होतं की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचं पहिलं बोलणं तोडतात. आपण फार वेगळे आहोत असं समजायचं कारण नाही.

‘काही झालेलं नाही’ असं मात्र म्हणू नका. ते ‘तुम्ही नाटक करताय’ असं ऐकू जातं. असं सांगा: फुगवटा आहे, पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे फोटो काढले तरी विशीत सुमारे ३० टक्के आणि ऐंशीत सुमारे ८४ टक्के जणांत तो दिसतो. मग वाकणं परत आणा, ‘व्यायाम’ हा शब्द न वापरता. आधी पाठीवर झोपून गुडघे छातीकडे. नंतर हात-गुडघ्यांवर येऊन नितंब टाचांकडे मागे नेणं. मग खुर्चीत बसून हात नडगीवरून घोट्यापर्यंत सरकवणं. उभं राहून वाकणं सर्वांत शेवटी. दहा-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, श्वास न रोखता. दुखणं दहापैकी दोनाने वाढून दुसऱ्या दिवशी खाली आलं तर चालेल. पायातली कळ आणखी खाली उतरू लागली तर ती पायरी सोडून मागे या. ध्येय म्हणून अंश लिहू नका, ‘नाडी स्वतः बांधणं’ लिहा आणि ते किती जमतं याला रुग्णाकडूनच ० ते १० गुण घ्या.

रुग्णाकडून येणाऱ्या शब्दांचंही असंच. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या मेलझॅक या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली केली तेव्हा त्यात २० गटांत ७८ शब्द होते. आपण ते सगळं ‘७/१०’ मध्ये कोंबतो. मराठीत तर क्रियापदसुद्धा माहिती देतं. कळ निघते, म्हणून कुठून निघून कुठवर जाते ते विचारता येतं. चमक ठरावीक हालचालीला येते. रग एका जागी अवघडून बसल्यानं लागते. गोळा येतो, उसण भरते. रात्री जागं ठेवणारा ठणका ऐकला की सूज, दाह तपासावा. आग, मुंग्या, बधिरपणा एकत्र आले की नसेचा विचार आधी. आणि काही गोष्टी लाजेपोटी सांगितल्याच जात नाहीत. ‘सॅडल ॲनेस्थेशिया (जांघांमधला, बैठकीचा भाग बधिर होणं) आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’च उत्तर येणार. ‘शौचानंतर धुताना स्पर्श नीट कळतो का? लघवी अडते का?’ असं विचारा. उत्तर गडबडीचं आलं तर त्याच दिवशी इमर्जन्सीत पाठवा.

तत्त्वज्ञानाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणात दोष, अक्षमता, अपंगत्व अशी जवळजवळ सरळ रेघ होती. त्याच्या जागी आलेल्या २००१ च्या आयसीएफ या वर्गीकरणात सहभाग आणि परिसर आले. जिना चढता येत नाही यात खोट पायाची की इमारतीची, हा प्रश्न आता आपल्याच फॉर्मवर आहे, आणि तो स्नायूंची ताकद तपासून सुटत नाही.

‘संवादकौशल्याची दोन तासांची कार्यशाळा घेतली की झालं’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. तिथे मान डोलवायला शिकवतात. त्यापेक्षा अमेरिकन डॉक्टर रीटा शॅरॉन यांचा ‘समांतर केस पेपर’ विद्यार्थ्यांकडून आठवड्यातून एकदा लिहून घ्या: रुग्णाबद्दलचं जे अधिकृत कागदावर बसत नाही ते, साध्या भाषेत, एक पान, आणि मोठ्यानं वाचायचं. किंवा एखाद्या चित्रकाराचं चित्र त्यांच्यासमोर ठेवून विचारा, ‘काय चाललंय? कशावरून म्हणता?’ हाच दुसरा प्रश्न रुग्णाची चाल बघताना विचारला की ‘ट्रेंडेलेनबर्ग’ (नितंबाचे स्नायू कमजोर असल्यानं कंबर एका बाजूला झुकणारी चाल) असं पटकन ओरडणारा विद्यार्थी गडबडतो. कमरेच्या हाडांची कुठली बाजू खाली गेली हे त्यानं पाहिलेलंच नसतं.

आता या सगळ्याच्या मर्यादा. शब्द म्हणजे निदान नव्हे. पाऊल लुळं पडत असेल तर शब्दांचा कीस पाडत बसू नका. पार्किन्सनमध्ये मेट्रोनोमच्या ठेक्यावर चालवणं हा उपचार आहे, त्याला मानव्यविद्या म्हणून खपवू नये. अभ्यासक्रमात किती क्रेडिट द्यावेत ते विद्यापीठानं ठरवावं, त्यात मला रस नाही. एका रुग्णाला वीस मिनिटं मिळत असतील तर वरचं सगळं जमणारही नाही, दोन प्रश्न जमतील. पण ‘नॉन-कम्प्लायंट’ लिहायचंच असेल तर त्याखाली रुग्णाचं कारण त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहा. ‘वाकलो तर गादी निसटेल.’ पुढच्या थेरपिस्टला सुरुवात कुठून करायची ते तेवढ्यावरून कळतं.