लेकीला हाडांचा अभ्यास करायचाय: सोलापूरच्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची लेक बारावी सायन्सला आहे. सापळ्यावरून माणसाची ओळख पटवण्याचं काम करायचं, असं तिनं ठरवलंय. सासूबाई म्हणतात, 'हाडं हाताळणारी मुलगी कोण करून घेणार?' आणि तुम्ही विचारलंय की मिस्टरांच्या यंत्रमागावरच्या कमाईतून एका ऑनलाइन संस्थेच्या सहा महिन्यांच्या डिप्लोमाची फी भरावी का, पुढे नोकरी मिळेल का.

ती फी भरू नका. कोर्टात साक्षीला उभं राहिल्यावर वकील पहिल्यांदा शिक्षण आणि अनुभव विचारतो. तिथे असा डिप्लोमा टिकत नाही.

काम मात्र फार मोलाचं आहे. उसाच्या फडात किंवा पडक्या विहिरीत हाडं सापडली की पोलीस पंचनामा करतात आणि ती सीलबंद करून तपासणीला पाठवतात, बहुतेकदा सरकारी मेडिकल कॉलेजकडे. ती माणसाची की जनावराची, हे आधी ठरतं. मग एकाच माणसाची आहेत का, ते. स्त्री की पुरुष हे कमरेच्या हाडावरून सगळ्यात खात्रीनं कळतं. वयासाठी दात आणि हाडांची टोकं पाहतात; कॉलर बोनचं छातीकडचं टोक पंचविशीच्या आसपासही पुरतं सांधलेलं नसतं. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो, पण त्याचं सूत्र परदेशी लोकांच्या मोजमापांवरून बांधलेलं असेल तर आपल्याकडे चुकू शकतं. ताजं हाड आणि सुकलेलं हाड वेगवेगळ्या तऱ्हेनं मोडतं. त्यामुळे घाव मरतेवेळचा की हाड पुढे कधीतरी नांगराच्या फाळानं तुटलं, हेही बरेचदा सांगता येतं.

पंजाबात अजनाला इथे 2014 मध्ये एका जुन्या विहिरीतून शेकडो माणसांचे अवशेष निघाले. दातांच्या डीएनए आणि रासायनिक तपासणीवरून ती माणसं गंगेच्या खोऱ्यातली असावीत, असं 2022 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. 1857 च्या बंडातल्या शिपायांना मारून तिथल्या विहिरीत टाकल्याची कहाणी सांगतात, तिच्याशी ते जुळतं.

सासूबाईंना एवढं सांगा. बेपत्ता माणसाची काहीच खबर नसेल, तर कायदा त्याला मृत मानायला सात वर्षं घेतो. तोवर विमा, वारसा सगळं अडकतं. घरच्यांना दिवस घालता येत नाहीत, की आशा सोडता येत नाही. अशा घराला उत्तर देणारी मुलगी वाईट काम करत नाही.

आता नोकरी. महाराष्ट्रात फक्त हाडांच्या तज्ज्ञाचं असं स्वतंत्र पद जवळपास नाही. हे काम मेडिकल कॉलेजमधले न्यायवैद्यक (गुन्ह्याच्या तपासाला लागणारं वैद्यकशास्त्र) आणि शरीररचनाशास्त्राचे डॉक्टर करतात. म्हणून नीटमध्ये गुण मिळण्यासारखे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: एमबीबीएस, मग न्यायवैद्यकशास्त्रात एमडी. इंटर्नशिप धरून साडेआठ वर्षं लागतात, पण या वाटेनं गेल्यावर पोटाची चिंता राहत नाही. सोलापुरातच वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रवेश मिळाला तर घरी राहून शिकता येईल.

नीट जमलं नाही तरी स्वप्न मोडत नाही. प्राणिशास्त्रात बीएस्सी सोलापुरात करावी, मग पुणे विद्यापीठात मानवशास्त्रात एमएस्सी. प्राचीन काळच्या हाडांची ओढ वाटली तर पुण्यातच पुरातत्त्व शिकवणारं डेक्कन कॉलेज आहे. इनामगावच्या हजारो वर्षं जुन्या वस्तीच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली, ते काम तिथलंच. या वाटेनं संशोधन आणि प्राध्यापकी मिळते, पण जागा थोड्या आणि नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडीपर्यंत धीर धरावा लागतो.

गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठातही शिकता येतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे आणि ती टप्प्याटप्प्यानं येते आहे. त्यामुळे प्रयोगशाळांना माणसं लागतील. मात्र त्यांचं बरंचसं काम रसायन, रक्त, डीएनएचं असतं. फॉर्म भरण्याआधी राज्याच्या प्रयोगशाळांच्या भरतीच्या जुन्या जाहिराती लेकीला वाचायला लावा. कोणत्या पदाला कोणती पदवी मागतात ते त्यात दिसेल.

आणि परीक्षा झाली की ओळखीच्या डॉक्टरांमार्फत मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाला रीतसर अर्ज करून तिला खरा सापळा एकदा जवळून दाखवा. तासभर एकेक हाड पाहून, मोजून, टिपून ठेवायला तिला आवडलं, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा नीटचे गुणही कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.