उभ्या ट्रॅक्टर-हार्वेस्टरमध्ये उंदीर: विषाची पुडी गाडीत ठेवू नका

पीक निघून यंत्रं शेडमध्ये लागली की उंदरांच्या तक्रारी सुरू होतात. शेतातला आडोसा आणि दाणा दोन्ही एकदम संपतात, आणि नेमकी तेव्हाच आपण त्यांच्यासाठी अंधारी, कोरडी, न हलणारी जागा तयार करून ठेवतो. आलेल्या प्रश्नांपैकी जे पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं खाली देत आहे.

प्रश्न: हार्वेस्टर शेडमध्ये लावला. महिनाभरात वायरिंग कुरतडलं. दुकानदाराच्या सांगण्यावरून काळ्या पावडरीचं आमिष इंजिनावर आणि सीटखाली ठेवलं. आता केबिनमध्ये दुर्गंधी येते आणि कुरतडणं चालूच आहे.

आधी ते आमिष बाहेर काढा. आजच. हातमोजे घालून काढा आणि जनावरं-कोंबड्या पोचणार नाहीत अशा जागी खोल पुरा. विषाची जागा गाडीत नाही, हे मी प्रत्येक सभेत सांगतो आणि पुढेही सांगत राहीन. विष खाल्लेला उंदीर बाहेर जाऊन मरेल याची कसलीही खात्री नसते. तो ब्लोअरच्या नळीत, डॅशबोर्डमागे, सीटच्या फोममध्ये जाऊन मरतो. मग डॅशबोर्ड खोलण्याची मजुरी वायरिंगच्या खर्चावर चढते. शिवाय विषाचे दाणे उंदीर एका जागेवरून उचलून दुसरीकडे साठवतो. पुढच्या हंगामात तेच दाणे धान्याच्या टाकीत सापडले तर काय होईल, याचा विचार करा.

आता मूळ कारण. उंदीर वायर खायला येत नाही. तो घर आणि दाणा शोधत येतो. समोरचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे समोर येईल ते कुरतडतो, वायर त्यात सापडते. नव्या गाड्यांच्या वायरीचं आवरण सोयाबीनचं असतं म्हणून उंदीर येतात, असं बरेच जण सांगतात. पण जुन्या ट्रॅक्टरच्या वायरीही अशाच कुरतडलेल्या मी पाहतो. दाणा आणि घर काढून घ्या, वायर आपोआप वाचते.

हार्वेस्टर धुऊन पुसून लावला म्हणता, पण एलेव्हेटरचं (दाणे वर टाकीत नेणाऱ्या भागाचं) खालचं झाकण उघडलं होतं का? उघडून पाहा, ओंजळभर दाणे तिथे हमखास निघतात. चाळण्यांच्या मागे, ऑगरच्या (दाणे पुढे ढकलणाऱ्या मळसूत्राच्या) तळाशी, टाकीच्या कोपऱ्यात तेच. पेरणीयंत्राच्या पेटीतही उरलेलं बियाणं असतं. उंदराच्या जोडीला तेवढ्यावर कुटुंब वाढवता येतं: घरउंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं दोन महिन्यांच्या आत स्वतः वयात येतात. त्यामुळे सगळी झाकणं उघडा, यंत्र रिकामं चालवा, मग ब्लोअरने हवा मारा. पाण्याने धुतलं तर पूर्ण वाळू द्या, नाहीतर उरलेले दाणे भिजून कुजतात.

एअर क्लीनरचं झाकणही काढून बघा. कागदी फिल्टर फाडून, त्यात सीटच्या फोमचे तुकडे मिसळून केलेलं घरटं तिथे बऱ्याचदा मिळतं. हवा आत घेण्याचं तोंड, सायलेन्सरचं तोंड, केबिनच्या हवेच्या जाळ्या आणि वायर-लिव्हर आत जातात ती भोकं, सगळीकडे बारीक लोखंडी जाळी बसवा. जाळीचं छिद्र 6 मिलिमीटरपेक्षा लहान हवं. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरउंदीर आत शिरतो. चिंध्या किंवा फोम कोंबू नका. तो बंदोबस्त नाही, ते घरट्याचं सामान आहे.

आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह सापळ्यांचा. गाडी शेडमध्ये लावण्याच्या आधी सापळे लावा, नंतर नाही. शेड आठ-दहा दिवस मोकळी ठेवा. वैरण, रिकामी पोती, लाकडं भिंतीपासून हलवा. चापाचे सापळे भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून, दोन-तीन मीटरवर एक असे ठेवा. उंदीर भिंतीला घासत पळतो, मोकळ्या जमिनीवर सहसा येत नाही. पहिले दोन दिवस आमिष लावा पण चाप ओढू नका, त्याला खायची सवय होऊ द्या. तिसऱ्या दिवशी सगळे एकदम ओढा. घरउंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही. म्हणून एक सापळा शेडच्या मध्यभागी ठेवून "काही सापडत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. भरपूर लावा, रोज बघा. गाडी आल्यावरही चाकांजवळ सापळे राहू द्या. मेलेला उंदीर डोळ्यांसमोर असतो, मोजता येतो, काढून टाकता येतो. विषात यातलं काहीच मिळत नाही.

प्रश्न: झिंक फॉस्फाइड (उंदीर मारायची काळी पावडर) आमिषात दुप्पट घातलं तर लवकर काम होईल का? दुकानदार तसं म्हणतो.

नाही. उलट काम बिघडतं. प्रमाण 96 भाग भरड धान्य, 2 भाग खाद्यतेल, 2 भाग पावडर. त्यापुढे एक चिमूटही नको. जास्त झालं की वास आणि चव उग्र होते. उंदीर चाखतो, त्याचं पोट बिघडतं, तो वाचतो आणि नंतर कित्येक आठवडे त्या आमिषाला तोंड लावत नाही. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष दिलं नाही तरी हेच होतं. या विषावर उतारा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. ते शेतातल्या चालू बिळात खोल टाकून बीळ लिंपण्यासाठी आहे, शेडसाठी नाही. शेडच्या बाहेर वापरायचंच असेल तर ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरविषाची तयार वडी बंद आमिषपेटीत ठेवा. तीही मोजकी. ती खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी "गुण आला नाही" म्हणत वड्या वाढवू नका. असा उंदीर खाऊन मांजर आणि घुबडही मरतं. ज्या शेतावर घुबड बसतं तिथे विषाला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा.

प्रश्न: धान्यात ठेवतात त्या गोळ्या केबिनमध्ये ठेवून काचा बंद केल्या तर?

अजिबात नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो. तो माणूस मारतो आणि त्यावरही उतारा नाही. दार उघडणारा पहिला माणूस तुमच्याच घरातला असेल. हा वायू तांबंही खातो, म्हणजे ज्या वायरी वाचवायच्या त्यांचीच टोकं आणि जोड तो खराब करणार. या गोळ्या फक्त प्रशिक्षित माणसाने हाताळायच्या असतात. दुकानदार सुट्ट्या देत असेल तर घेऊ नका आणि कृषी कार्यालयात कळवा.

प्रश्न: डांबर गोळ्या, पुदिन्याचं तेल, आवाजाचं यंत्र, वायरीला जळकं ऑइल?

पहिल्या तिन्हींवर भरवसा नको. वास उडतो, आवाजाला उंदीर सरावतो आणि तो आवाज बोनेटच्या पत्र्यापलीकडे पोचत नाही. डांबर गोळ्यांची वाफ केबिनमध्ये बसणाऱ्यालाच बाधते. ऑइल किंवा डिझेल वायरीला लावणं तर चूकच: रबर फुगतं आणि आगीला निमंत्रण मिळतं. तिखटाचा अर्क असलेली टेप मिळते. ती मुख्य वायरिंगवर गुंडाळायला हरकत नाही, पण दाणे साफ केल्यानंतर.

प्रश्न: ट्रॅक्टर रोज पाच मिनिटं चालू करून ठेवला तर पुरे का?

पाच मिनिटांनी उंदीर जात नाही आणि इंजिनात पाणी साचतं. आठवड्यातून एकदा इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवा आणि जागा बदला. चालू करण्याआधी बोनेट उघडून बघायचंच. सायलेन्सरजवळ वाळलेल्या गवताचं घरटं असेल तर आग लागते. ट्रॅक्टर लांब मुदतीने उभा राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, म्हणजे कुरतडलेल्या वायरीने शॉर्ट होणार नाही. शेडला दार असेल तर बोनेट उघडंच ठेवा, उजेडात उंदीर घर करत नाही. ताडपत्री जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका.

प्रश्न: विमा मिळतो का?

पॉलिसीवर अवलंबून आहे. अटी वाचा, दुरुस्तीआधी फोटो काढा, कंपनीला कळवा.

प्रश्न: लेंड्या आणि घरटी कशी साफ करावीत?

कोरडा झाडू किंवा हवेचा झोत मारू नका, धूळ नाकात जाते. हार्वेस्टरला हवा मारायची ती लेंड्या नाहीत याची खात्री करूनच. हातमोजे आणि मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातापायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. नंतर ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना उंदरांची घाण काढल्याचं आवर्जून सांगा.