मेलेला सैनिक नायक असलेली ‘स्पॉन’ ही कॉमिक मालिका वाचण्यासारखी आहे का, आणि ती कुठून सुरू करावी?

नरकातून परतलेल्या सैनिकाच्या या कथेत साखळ्या आणि रक्तपात यांपलीकडे काही आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते निश्चित आहे, विशेषतः पहिल्या काही वर्षांच्या अंकांत.

कथेचा नायक अल सिमन्स हा अमेरिकेच्या मरीन दलातला लेफ्टनंट कर्नल असून पुढे तो सीआयएसाठी गुप्तपणे माणसे मारू लागतो. जेसन विन या वरिष्ठाच्याच हुकमावरून त्याचा काटा काढला जातो. हातून झालेल्या हत्यांमुळे तो नरकात जातो आणि तिथे मॅलेबोल्जिया नावाच्या सैतानाशी सौदा करतो: पत्नी वांडा हिला पुन्हा पाहता यावे आणि त्या मोबदल्यात नरकाच्या सैन्यात अधिकारी व्हावे. तो पृथ्वीवर परततो तेव्हा मधली पाच वर्षे उलटून गेलेली असतात, शरीर ओळखू येणार नाही इतके जळालेले असते, आठवणी तुटक झालेल्या असतात आणि वांडाने त्याचाच जिवलग मित्र टेरी फिट्झजेराल्ड याच्याशी संसार थाटलेला असतो. त्यांना सायन नावाची लहान मुलगीही असते. टेरी हा सज्जन, प्रेमळ माणूस आहे. तो दुष्ट असता तर अलला निदान एक शत्रू मिळाला असता. लेखकाने तीही सोय ठेवलेली नाही, आणि मला हे या मालिकेतले सर्वांत धीट पाऊल वाटते.

सैतानाने दिलेली शक्ती मोजून दिलेली आहे. चौकटीच्या कोपऱ्यात ९:९:९:९ पासून उतरत जाणारा आकडा दिसतो. शक्ती वापरली की तो घटतो आणि शून्यावर आला की अलला कायमचे नरकात परतावे लागणार असते. बळाचा वापर हेच ज्याचे आयुष्यभराचे शिक्षण, त्याला प्रत्येक प्रहाराचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणूनच तो पुष्कळदा बंदुका उचलतो किंवा काहीच न करता न्यूयॉर्कमधल्या गल्लीबोळांत बेघर माणसांबरोबर बसून राहतो. मला हे बसून राहणे मारामारीपेक्षा अधिक भिडते, कारण युद्धातून परतलेला आणि कुणालाच नको असलेला सैनिक तिथे स्पष्ट दिसतो. पुढे पुढे या आकड्याचा धाक कमी होतो, आणि माझ्या मते तिथूनच मालिका सैल पडू लागते.

या मालिकेचे निर्माते टॉड मॅकफार्लेन हे मार्व्हल या कॉमिक प्रकाशनसंस्थेसाठी ‘स्पायडर-मॅन’ रेखाटणारे लोकप्रिय चित्रकार होते. आपण निर्माण केलेल्या पात्रांची मालकी आपल्याकडेच राहावी या आग्रहातून त्यांनी इतर सहा चित्रकारांसह इमेज कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेची स्थापना केली आणि मे १९९२ मध्ये ‘स्पॉन’चा पहिला अंक काढला. त्या अंकाच्या सुमारे १७ लाख प्रती खपल्या. मात्र मॅकफार्लेन हे मुळात चित्रकार असल्याने सुरुवातीच्या अंकांतले निवेदन बोजड झाले आहे. चित्र जे आधीच सांगते तेच मजकूर पुन्हा सांगतो. तिथे थोडा धीर धरावा लागेल.

वाचन पहिल्या अंकापासूनच सुरू करावे. पहिल्या सहा अंकांचे संकलन ‘स्पॉन ओरिजिन्स’च्या पहिल्या खंडात मिळते. त्यातला लहान मुलांच्या मारेकऱ्याबद्दलचा पाचवा अंक फार अस्वस्थ करणारा आहे, याची आधीच कल्पना देतो. आठवा अंक ॲलन मूर यांनी, नववा नील गेमन यांनी, तर अकरावा फ्रँक मिलर यांनी लिहिला आहे. नवव्या अंकात अवतरलेल्या अँजेला या पात्राच्या हक्कांवरून गेमन यांनी मॅकफार्लेन यांच्यावर खटला भरला आणि २००२ मध्ये ज्यूरीने गेमन यांच्या बाजूने कौल दिला. निर्मात्यांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या प्रकाशनात असा वाद व्हावा, याचे मला आजही वाईट वाटते. जुन्या संकलनांतून नववा आणि दहावा अंक वगळलेले होते, त्यामुळे खंड घेताना अनुक्रमणिका तपासून घ्यावी.

ग्रेग कपुलो यांनी चित्रांची सूत्रे हाती घेतल्यानंतर गल्लीतला अंधार आणि अलच्या केपच्या (पाठीवरच्या लांब झग्याच्या) घड्या अधिक देखण्या होतात, म्हणून निदान पन्नासाव्या अंकापर्यंत तरी जावे. मालिका आजही सुरू असून २०१९ मध्ये तिने ३०० अंकांचा टप्पा गाठला, परंतु सगळे अंक वाचण्याची गरज नाही. शंभराव्या अंकानंतर कथा फार भरकटते. पन्नास अंकांनंतरही अलबद्दल ओढ उरली असेल, तर त्याच्या मृत्यूचा १८५वा आणि पुनरागमनाचा २५०वा अंक मिळवून वाचावा.