‘पोरं मिळत नाहीत, आणि मिळाली तर टिकत नाहीत’

जळगावात करिअर समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ती बहुतेक मुलं आणि त्यांचे आईवडील. अलीकडे मात्र मालकमंडळीही येऊ लागली आहेत. कोणी दाळमिलवाले, कोणी चटईवाले, कोणी पाइपवाले. तक्रार तीच: जाहिरात देतो, दहा जण चौकशी करतात, दोघं-तिघं लागतात आणि महिना भरायच्या आत पसार होतात. ‘मोबाइलनं बिघडवलीत हो’ हे निदानही सोबत तयारच असतं.

त्यातल्या एका पाइप कारखानदाराचा हा अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एमआयडीसीत कारखाना, चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी पन्नाशीला आलेली. ती निवृत्त व्हायच्या आत मशिनवर नवे हात तयार करायचे होते.

मी आधी जाहिरात मागितली. ‘पाहिजेत: होतकरू, मेहनती तरुण. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटा.’

“भाऊ, तुमच्या मुलीला स्थळ आलं आणि त्यात ‘मुलगा कमावता, उत्पन्न योग्यतेनुसार’ असं लिहिलेलं असलं, तर पुढची बोलणी कराल?”

ते हसले, पण बाजू लंगडी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. सोडून गेलेल्या मुलांशी बोलू द्या म्हटल्यावर त्यांनी जरा नाराजीनंच नंबर दिले.

पहिला धरणगावकडचा, आयटीआय फिटर. म्हणाला, “काम जड नव्हतं मॅडम. पहिल्या दिवशी अकरापर्यंत गेटवरच बसवलं. मग गोण्या उचलायला लावल्या. मशिन कधी शिकवणार विचारलं, तर म्हणे बघू.” दुसरी गोष्ट त्यानं अडखळत सांगितली. पगार तोंडी चौदा हजार ठरला होता. पीएफ 1,680, ईएसआय म्हणजे कामगार विमा 105, व्यवसाय कर 200 वजा होऊन खात्यात आले 12,015. कपात रीतसर होती, पण आधी कोणी सांगितलंच नव्हतं. घरी वडिलांना तो चौदा सांगून बसलेला. उरलेले दोन हजार कुठे गेले, याचं उत्तर त्याला वडिलांसमोर देता आलं नाही, आणि मालकानं फसवलं असा शिक्का बसला.

दुसरा कानबाईमुळे गेला. कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रोट म्हणजे तिचा प्रसाद भाऊबंदांनी मिळून खायचा असतो, त्यासाठी पुण्या-सुरतेहून माणसं गाड्या भरभरून गावी येतात. आणि पंचवीस किलोमीटरवर काम करणाऱ्या या पोराला सुपरवायझरनं सुट्टी नाकारली. तो गेला तो गेलाच. मालकांच्या घरीही कानबाई बसते, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्याचा फोन त्याच्या वडिलांनी घेतला. “मना पोऱ्याले पोरगी कोन दी, ताई?” जळगावात कारखान्यात आहे म्हटलं की मुलीकडचे ‘पर्मनंट आहे का?’ विचारतात, पुण्याजवळ चाकणला आहे म्हटलं की विचारत नाहीत. खरं तर चाकणला तो ठेकेदाराच्याच पटावर. सतरा हजारांतले सात-आठ हजार कॉट बेसिसच्या, म्हणजे खाटेपुरतं भाडं भरायच्या, खोलीत आणि मेसमध्ये जातात. पण गळ्यात ओळखपत्र आहे, दरमहा पगारपत्रक मिळतं, न्यायला कंपनीची बस येते. हिशेब करून पाहिला तर हातात जळगावपेक्षा दोन-तीन हजार कमीच उरतात. इथे नोकरी नुसती मुलाला पटून भागत नाही, घरी सांगता यावी लागते. मालकांना हे उमगत नाही याचं मला नवल वाटतं, कारण स्वतःच्या पोरासाठी तेही हेच बघतात.

जाहिरात आम्ही नव्यानं लिहिली. पद शिकाऊ ऑपरेटर, शिक्षण आयटीआय किंवा बारावी, पगार 14,000, कपात जाऊन हातात साधारण 12,000, पाळीच्या वेळा, जादा तासांना कायद्याप्रमाणे दुप्पट दर, सहा महिन्यांनी मशिनवर चाचणी आणि पास झाल्यास ठरलेली वाढ, नियुक्तिपत्र पहिल्याच दिवशी. शेवटी मी एक ओळ घातली: ‘उन्हाळ्यात मशिनजवळ फार उकडतं.’ त्यावर ते उसळले, “हे वाचून कोण येईल?” मी ओळ काढू दिली नाही. मे महिन्यात जळगाव काय असतं हे मुलांना ठाऊक आहे; आपण ते लपवलं, तर बाकीच्या ओळींवरही विश्वास बसत नाही.

शिकाऊ उमेदवारीचं त्यांना वावडं होतं, ‘इन्स्पेक्टरची कटकट’ म्हणून. तीस किंवा जास्त माणसं असली की अप्रेंटिस घेणं 1961 च्या कायद्यानुसार बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल 1,500 रुपये, केंद्र थेट मुलाच्या खात्यात भरतं. राज्यानं 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली तेव्हा तर बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 सरकारच देणार होतं. अशा योजना ‘फुकटचा माणूस’ म्हणून वापरणाऱ्यांची नावं आयटीआयच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्यात फिरतात. शिकवायचं नसेल, तर त्या वाटेला न गेलेलंच बरं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो पहिल्या पंधरवड्यानं. एका जुन्या ऑपरेटरला, सगळे ज्यांना नाना म्हणतात त्यांना, नव्या मुलांवर नेमलं आणि त्याचा थोडा भत्ता दिला. मुलं हॉपर, म्हणजे मशिनचं कच्चा माल ओतायचं नरसाळं, भरण्यापासूनच सुरुवात करतात, पण नाना दुसऱ्या दिवशीच त्यांना तापमानाचं पॅनल दाखवतात आणि पाइपची जाडी मोजायला व्हर्नियर हातात देतात. पहिल्या पगाराआधी हिशेबनीस प्रत्येकाला बसवून पगारपत्रक वाचून दाखवतो. कानबाई आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्ट्यांची पाळी आधीच फळ्यावर लागते.

जाहिरातीला या वेळी मुलं कमी आली. लागलेल्यांपैकी एक चौथ्या दिवशी गेला, उकाडा सोसेना म्हणून. बाकीचे सहामाही चाचणीपर्यंत टिकले. त्यातल्या एकानं आपल्या आयटीआयमधल्या मित्राला आणलं. त्याला जाहिरात दाखवावीच लागली नाही.

रात्री उशिरा सुटणाऱ्या पाळीचं घोडं मात्र अजून अडलेलं आहे. पाळी सुटते तेव्हा गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. मालकांनी पेट्रोल भत्ता सुरू केला, पण मोटारसायकल सगळ्यांकडे नाही, आणि रात्री हायवेवरून एकट्यानं यायला आया नको म्हणतात. गाडी लावायचा खर्च ‘दिवाळीनंतर बघू’ असं चाललंय. तोपर्यंत एरंडोल-धरणगावकडची मुलं दिवसपाळीपुरतीच येतील, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे.