वृद्धाश्रमाच्या पहिल्या तपासणीला जाताना
आपण प्रथमच तपासणीला जात आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की, नोंदवह्या नंतर पाहाव्यात. आधी अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांजवळ बसावे आणि त्यांच्या परवानगीने टाचा व माकडहाडावरची त्वचा पाहावी, कारण दाबूनही न जाणारी लाली ही शय्याव्रणाची, म्हणजे सतत एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, पहिली खूण असते आणि दर 2 तासांनी कूस बदलल्याची वहीतली नोंद तिथेच पडताळता येते. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, तेव्हा हाताला लागणारी ऊब किंवा कडकपणा जाणून घ्यावा. उशाशी पाण्याचा पेला बहुधा असतोच. तो आजींच्या हाताला पोहोचतो का, हे मी नेहमी पाहतो. पाकिटांतील उरलेल्या गोळ्या मोजून औषधांच्या तक्त्याशी ताडाव्यात. शक्य असल्यास रात्रपाळीच्या वेळी न कळवता पुन्हा जावे.